धीर धरा म्हणणाऱ्यांनो, तारीख द्या

करोनाच्या दोन वर्षांत कॅन्सरच्या रुग्णांना सगळ्यात भरपूर काय मिळालं असेल, तर सल्ला. धीर धरा. सकारात्मक राहा. मन खंबीर ठेवा, निम्मा आजार मनानेच बरा होतो. टीव्हीवरचे तज्ज्ञ हेच सांगत होते, व्हॉट्सॲपवरचे नातेवाईक हेच पाठवत होते आणि कॅन्सर रुग्णांच्या मानसिक स्वास्थ्यावरची ऑनलाइन व्याख्यानंही याच्या पलीकडे जात नव्हती. या सगळ्या सल्लागारांना मला तोंडावर सांगायचं आहे की त्या माणसांचं मन कमकुवत नव्हतं. त्यांचा धीर आपण सगळ्यांनी मिळून काढून घेतला. आधी उपचाराची तारीख काढून घेतली, मग रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी, मग शेजारी बसणारं माणूस, आणि मेल्यावर रडायला येणारी चार माणसंसुद्धा. एवढं हिरावून झाल्यावर त्याच माणसाला प्राणायाम करायला सांगणं हा क्रूरपणा आहे. त्याला मी दुसरं सौम्य नाव देणार नाही.

काय घडलं ते आठवा. २२ मार्च २०२०ला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच दिवशी देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, मुंबईची लोकलही थांबली. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत देश बंद झाला. त्या रात्री परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास कोण कोण होतं, याचा विचार निर्णय घेणाऱ्यांनी केला होता का? १९४१पासून हे रुग्णालय गोरगरीब कॅन्सर रुग्णांचा शेवटचा आसरा आहे. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसामातून आणि आपल्याच विदर्भ-मराठवाड्यातून माणसं इथे फाईल काढायला येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळाली तर नशीब. नाही तर रुग्णालयासमोरचा फुटपाथ, नाही तर हिंदमाताच्या पुलाखालची जागा. या माणसांना गावी परतायला गाडी नव्हती, राहायला खोली नव्हती आणि कानावर अखंड आदळत होतं, घरातच राहा.

त्या फुटपाथवर तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण होते. नाकातून पोटात नळी गेलेली. अशा माणसाला घास गिळता येत नाही. त्याचं अन्न मिक्सरमधून काढून, गाळून, पातळ करून पिचकारीने नळीत सोडावं लागतं. एरवी आसपासच्या हॉटेलवाल्याला चार पैसे देऊन, कुणाच्या तरी खोलीतला मिक्सर मागून नातेवाईक ते करून घेतात. हॉटेलं बंद झाली, खोल्यांची दारं बंद झाली, आणि मदत म्हणून जी पाकिटं येत होती त्यांत पुरीभाजी नाही तर खिचडी. हातात अन्नाचं पाकीट आहे आणि शेजारी आपलं माणूस उपाशी आहे, अशा बाईला तुम्ही कोणती मनःशांती शिकवणार होता?

नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांचा मार्च ते मे २०२०चा हिशेब पुढे ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी तुलना करता नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली, फेरतपासणीला येणारे ४६ टक्क्यांनी कमी झाले आणि मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास निम्म्यावर आल्या. कॅन्सर काही टाळेबंदीत निम्मा झाला नव्हता. नोंदणीत न दिसलेली माणसं आपापल्या घरात गाठ चाचपत बसली होती.

त्या बसण्याने माणसाचं काय होतं, ते मी घरात पाहिलं. माझ्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं होतं, दर २१ दिवसांनी केमो ठरली होती. तिसऱ्या केमोच्या आधी टाळेबंदी लागली आणि पुण्यातल्या रुग्णालयातून फोन आला, आत्ता येऊ नका, आम्ही कळवू. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर वहिनींनी केमोच्या तारखांना लाल पेनाने गोल केले होते. मग त्या गोलावर फुली आली. अंदाजाने पुढे दुसरा गोल आला, त्याच्यावरही फुली आली. केमोला न्यायची पिशवी त्यांनी भरून दाराशी ठेवली होती, तीत फाईल, थर्मास, पातळ चादर आणि उलटीसाठीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. ती पिशवी कुणालाही उचलू देईनात. एके संध्याकाळी मला विचारलं, “भावजी, औषध लांबलं की ते परत वाढतं का हो?” मी दादाकडे पाहिलं, दादाने जमिनीकडे.

या प्रश्नाला आपल्याकडे नकारात्मक विचार म्हणतात. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच प्रश्नावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा आला. कॅन्सरचा प्रकार आणि उपचार कोणता त्यानुसार, चार आठवड्यांचा उशीर मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढवतो, असा त्याचा निष्कर्ष होता. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला जे कळत होतं ते बरोबर होतं. तिच्या भीतीला विज्ञानाचा आधार होता आणि तिला दिल्या जाणाऱ्या दिलाशाला कसलाच आधार नव्हता. अशा वेळी सकारात्मक राहा म्हणणं म्हणजे ज्याला खरं कळलं आहे त्याला गप्प बसवणं.

शेवटी तारीख मिळाली तेव्हा प्रवासाच्या पासाचं प्रकरण सुरू झालं. ऑनलाइन अर्ज, डॉक्टरांचं पत्र, आधार कार्ड, गाडीचा नंबर, चालकाचं नाव. दादा रेंज मिळेल तिथे, पाण्याच्या टाकीवर चढून फोनवर ते सगळं भरत होता. पास आला. तरी जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर ऐकून घ्यावं लागलं, “पेशंट तर बऱ्या दिसतात.” वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी डोक्याचा स्कार्फ सोडला आणि समोर पाहत राहिल्या. स्वतःच्या सासूसमोरही ज्या बाईने कधी तो स्कार्फ काढला नव्हता, तिला आपण आजारी आहोत हे भर रस्त्यात असं सिद्ध करावं लागलं. दादा त्या दिवसानंतर जेवायचा, कामं करायचा, पण बोलणं तुटलं. मध्यरात्री अंगणात येरझारा घालत असायचा. त्याला काय होतंय हे कुणी विचारलं नाही, कारण आजारी तो नव्हता. त्या नाक्यावर समुपदेशकाची गरज नव्हती. कॅन्सर रुग्णाची फाईल हाच पास, एवढा एका ओळीचा आदेश पुरला असता.

मुंबईतही तेच. १५ जून २०२०ला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. कॅन्सरच्या रुग्णाला त्या गाडीत चढायची परवानगी मिळाली ती बरीच नंतर. आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे शेक (रेडिएशन) घ्यायला जाणाऱ्या माणसाने बदलापूरहून, विरारहून परळला रोज टॅक्सीने कुठल्या पैशाने जायचं? कर्ज काढून जायचं की उपचार सोडायचा, हे ज्या घरात दररोज रात्री ठरत होतं, त्या घराच्या मानसिक आरोग्याची काळजी आपण पत्रकं वाटून करत होतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट. रोज संध्याकाळी आरोग्य खात्याचं पत्रक यायचं. मृतांचा आकडा, आणि त्याच्याखाली ठरलेलं वाक्य: यांपैकी इतक्या जणांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार होते. वृत्तवाहिन्यांनी ते वाक्य दिलासा म्हणून वाचलं आणि धडधाकट माणसांनी दिलासा म्हणून ऐकलं. पण टीव्ही कॅन्सरच्या रुग्णाच्या घरातही चालू होता. आधीच आजार होता हो त्यांना, असं म्हणून आपण एकमेकांना धीर देत होतो, तेव्हा पलीकडच्या खोलीत पडलेल्या माणसाला त्याचा अर्थ स्वच्छ कळत होता. तो गेला तर ते धरून चाललेलं आहे. त्याच्या मरणाने कुणाला धक्का बसणार नाही. निरोगी माणसांची भीती कमी करायला आपण आजारी माणसांची किंमत कमी केली.

लसीतही हेच दिसलं. १ मार्च २०२१ला ६० वर्षांवरच्या सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या, ठरावीक २० आजारांपैकी एखादा असलेल्यांना लस खुली झाली. त्या यादीत कॅन्सर होता. पण ३८ वर्षांची, केमोने पांढऱ्या पेशी तळाला गेलेली बाई त्यात बसत नव्हती. रोज फिरायला जाणारे ठणठणीत आजोबा मात्र बसत होते. तिला १ मेपर्यंत थांबावं लागलं आणि त्याच महिन्यात तुटवड्यामुळे महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं. अशा बाईला रात्री झोप लागत नसेल, तर त्यावर झोपेची गोळी हा उपाय कसा होतो?

नातेवाइकांबद्दल आपण कधी बोलतच नाही. आपल्याकडे कॅन्सर एकट्या माणसाला होत नाही, सगळ्या घराला होतो. फाईल मुलाच्या हातात असते, रिपोर्ट मुलगी वाचते, बाबांना सांगू नका हं, असं डॉक्टरांना बाजूला घेऊन सून सांगते. ही लपवाछपवी मला कधीच पटली नाही. पण तिच्यामागे एक शहाणपण होतं की वाईट बातमी माणसाने एकट्याने ऐकू नये. करोनात रुग्णाबरोबर एकच, कित्येक ठिकाणी तोही नको, असा नियम झाला. मग पासष्टीची, कमी ऐकू येणारी बाई एकटी आत गेली आणि मास्क, शील्ड आणि पीपीईच्या आडून कुणी तरी घाईत काही तरी सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा गेटवर उभ्या मुलाला एवढंच म्हणाली, “आता काही नाही म्हणाले.” उपचाराची गरज उरली नाही की उपचारच उरला नाही, हे त्या मुलाला कळायला आणखी एक दिवस गेला. संसर्ग टाळायचा होता, हे मान्य. गेटवरच्या मुलाला त्याच वेळी फोन लावून स्पीकरवर घ्यायला कोणत्या विषाणूने अडवलं होतं?

रुग्णालयाच्या व्हरांड्यात आधी एक जग असायचं. चटईवर बसलेले नांदेडचे कुणी, शेजारी गोरखपूरचे कुणी. एकाचा चहाचा थर्मास दोघांत फिरायचा. तोंड आलं तर काय द्यायचं, कुठल्या खिडकीवर रांग कमी असते, मदतीचा अर्ज कुठल्या ट्रस्टकडे करायचा, हे सगळं तिथे कळायचं. ज्याचा रुग्ण दोन केमो पुढे आहे तो मागच्याला सांगायचा, होतं हो, आमचंही असंच झालं होतं. कॅन्सरच्या घरांना मिळणारा सगळ्यात मोठा मानसिक आधार हा होता. त्याला पगार नव्हता, खातं नव्हतं, म्हणून तो बंद झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या जागी फोनवर का होईना माणसांना माणसांशी जोडून द्यावं, हे फार थोड्यांना सुचलं.

आप्तेष्टांनाही मी सोडणार नाही. भेटायला येता येत नव्हतं, खरं आहे. पण करोना फोनमधून पसरत नव्हता. कितीतरी घरांत फोनही थांबले, कारण फोन केला तर पैसे मागतील, गाडी मागतील, रक्त मागतील. टाळेबंदी उठली तरी ही माणसं परतली नाहीत. साथीने त्यांना कारण दिलं एवढंच.

आणि मुंबईकरांनी काय केलं? म्हाडाने टाटाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी परळ-लालबाग भागातल्या १०० सदनिका द्यायचं ठरवलं. जितेंद्र आव्हाड तेव्हा गृहनिर्माणमंत्री होते. मे २०२१मध्ये शरद पवारांच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या. जूनमध्ये स्थानिक रहिवाशांचा विरोध आमदारांनी मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला आणि उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बॉम्बे डाईंगच्या आवारातली पर्यायी जागा जाहीर झाली. विरोधाची कारणं काहीही सांगितली गेली असोत, फुटपाथवर झोपलेल्या रुग्णापर्यंत पोहोचलं ते एवढंच की आपण यांना शेजारी नको आहोत. पावसाळा सुरू झाला होता, दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, आणि टाटाच्या सावलीत पिढ्या काढलेल्या माणसांना आपल्या जिन्यावर कॅन्सरचा रुग्ण सोसत नव्हता. रुग्णांच्या मानसिक आधारावरच्या चर्चासत्रात मुंबईतल्या किती वक्त्यांनी हा विषय काढला?

आता वेदनेबद्दल. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. पण अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, सहसा मान्यता असलेल्या वैद्यकीय संस्थेतूनच घ्यावी लागते. २०१४मध्ये कायदा सुधारला, तरी तालुक्याच्या माणसाला त्यासाठी आजही शहर गाठावं लागतं. गाड्या बंद झाल्या तेव्हा गोळ्याही बंद झाल्या. रात्रभर विव्हळणाऱ्या बापाच्या उशाशी बसून ज्याने पहाट केली, त्या मुलाच्या मनावर काय ओरखडे उठले असतील? दुखणं थांबवल्याशिवाय मनाची गोष्ट काढूच नये. ते आधी थांबवा, मग बोला.

मरणानंतरही सुटका नव्हती. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. आमच्या गावात एकाचा यकृताच्या कॅन्सरने घरीच मृत्यू झाला. करोनाचा संबंध नव्हता, तरी गल्लीने दारं लावून घेतली. गावाकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून आणि शेजारातून पिठलं-भाकरी येते. त्या घरात कुणी काही आणलं नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलीने आईसाठी स्वतःच भात लावला. ती आई आजही म्हणते की नवरा गेला त्याचं दुःख आहेच, पण गावाने आम्हाला वाळीत टाकलं ते विसरता येत नाही. हे दुःख औषधाने जाणारं नाही. ते गावाचं पाप आहे आणि गावालाच ते फेडावं लागेल.

महामारी होती, सगळंच ठप्प होतं, मग दुसरं काय करता आलं असतं, असं मला विचारतात. करता आलं असतं, कारण काहींनी केलं. टाटा रुग्णालयाने दार बंद केलं नाही. केरळने तिरुअनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरशी जोडून घेत जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत केमोची सोय केली आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांतून कॅन्सरची औषधं रुग्णांच्या दारात पोहोचवली. आपल्याकडेही यंत्रणा होती. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर फिरल्या. आमच्याकडेही आल्या, ताप आणि ऑक्सिजन मोजला, वहिनींचा आजार लिहून घेतला. म्हणजे राज्याकडे घरनिहाय नोंद होती. त्या नोंदीवरून पुढची केमो कधी आहे, गाडी लागेल का, गोळ्या आहेत का, असा एक फोन आमच्या घरी आला नाही. आशाताईंचा यात दोष नाही. त्या तुटपुंज्या मानधनावर जीव धोक्यात घालून राबत होत्या. दोष नोंद घेऊन स्वस्थ बसणाऱ्यांचा आहे.

समुपदेशकांवरही माझा राग नाही. निम्हान्सची हेल्पलाइन होती, २०२२पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०१७च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क झाला आहे. हे सगळं हवंच. पण ज्याचा उपचार अडला आहे त्याला नुसतं ऐकून घेणं पुरत नाही. वहिनींची केमो कित्येक आठवडे उशिरा पुरी झाली. आज त्या बऱ्या आहेत, आणि फेरतपासणीची तारीख एक दिवस जरी पुढे गेली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांना दिलासा कशाने मिळतो, हे त्यांनीच मला सांगितलं आहे: ठरलेली तारीख पाळली जाण्याने.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पुढच्या साथीत टाळेबंदीच्या पहिल्या आदेशातच कॅन्सरचा उपचार अत्यावश्यक म्हणून लिहा आणि रुग्णाची फाईल ही त्याच्यासह एका सोबत्याचा प्रवासाचा पास माना. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात केमो आणि प्रत्येक तालुक्यात मॉर्फिन मिळू द्या. उपचार पुढे ढकलायचाच असेल तर नवी तारीख लेखी द्या आणि ती का ढकलली हे रुग्णाच्या डॉक्टरांनी स्वतः फोनवर सांगावं. वाईट बातमी सांगताना घरचं एक माणूस हजर किंवा फोनवर असलंच पाहिजे. रुग्णाच्या फाईलमध्ये त्याची काळजी घेणाऱ्याचं नाव लिहा आणि त्याचीही विचारपूस करा.

आणि हिशेब द्या. करोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य मिळालं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. उपचार लांबल्यामुळे जे कॅन्सरने गेले, त्यांची साधी मोजणीही आपण केली नाही. मोजता येत नाही ही सबब चालणार नाही. मुंबईत १९६३पासून कॅन्सरची नोंदवही आहे, ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदवही बार्शीत १९८७पासून आहे. रुग्णालयांकडे तारखा आहेत, ग्रामपंचायतींकडे मृत्यूचे दाखले आहेत. ते एकत्र करा, जिल्हावार आकडा काढा आणि विधानसभेच्या पटलावर ठेवा. तो आकडा लाजिरवाणा असेल. तरीही तो जाहीर झालाच पाहिजे.